दहापैकी पाच

बेडकाच्या तोंडाच्या त्या राक्षसाला पुन्हा एकदा लोळवून त्याने कंट्रोलर मांडीवर टाकला.

"मेला का?" सोफ्यावरून आईने विचारलं.

"मेला. पण पुढच्या वळणावर परत उभा राहील बघ."

"निर्लज्ज मेला!"

तो खो खो हसला. गेम्सची परीक्षणं लिहिणं हा त्याचा धंदा, आणि हा जपानी रोल-प्लेइंग गेम म्हणजे ना धड गोड ना धड तिखट. उभ्या केसांचा नायक, त्याची तोंडाळ मैत्रीण, जगबुडी टाळायला गोळा करायची रत्नं आणि दर दोन पावलांवर लढाई. चित्रं देखणी, गोष्ट नेहमीचीच. अगदी भिकार असता तर निदान चार खमंग शिव्या तरी घालता आल्या असत्या.

"जेवलास का रे?"

"जेवलो गं."

हे तिने मघाशीही विचारलं होतं, आणि त्याच्या आधीही. तिच्या आठवणीतली माणसं एकेक करून पुसट होत जातील, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. ताईला ती हल्ली नर्सबाई म्हणायची, आणि ताई बिचारी बाथरूमचा नळ सोडून रडायची. त्याला मात्र अजून ओळखत होती. आता आपली पाळी कधी, ही धास्ती त्याला सकाळी डोळे उघडल्यापासून असे. म्हणून तो प्रश्न पुन्हा आला की वैतागायच्या ऐवजी त्याला हायसं वाटायचं.

तेवढ्यात संपादकांचा फोन आला.

"काय म्हणतोय तुझा जपानी पाहुणा?"

"ठीकठाक. दहापैकी पाच. लढाया रटाळ आहेत. गावातली माणसं तर एकेकच वाक्य घोकतात. नायक अर्धं जग वाचवून घरी आला, तरी त्याची आई आपली तेच म्हणते, दमला असशील, पड जरा."

"मग हाण की त्यावरून! वाचणारे खूश होतील."

त्याने आईकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत पडद्यावरच्या गावाकडे बघत होती.

"नको. ते राहू दे."

"का रे?"

"ते काही इतकं वाईट नाहीये."

फोन ठेवून तो वळला, तर आई सोफ्यावर सावरून बसली होती. पदर नीट केला होता. चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं हसू होतं.

"जेवलात का?"

आपण चुकीचं ऐकलं असं त्याला वाटलं. मग तिने पुन्हा विचारलं, हळू, अदबीने.

"तुम्ही जेवलात ना?"

"जेवलो," तो म्हणाला. ओठांवर आलेला 'गं' त्याने कसाबसा गिळला.

"बसा ना मग. माझा मुलगा येईलच एवढ्यात. त्यालाही असल्याच खेळांचं वेड आहे."

"हो," तो म्हणाला. "बसतो."