माझ्या पाठीवरची तिफण

मी पाट बोलतोय. सागाचा, चार बोटं उंच, बाजारहत्नूरच्या हणमंतरावांच्या घरातला. त्यांच्या लग्नासाठी गावच्या सुतारानं मला घडवलं. तेव्हापासून काम एकच: कुणीतरी बसायचं आणि मी गप्प राहायचं. या घरातली वडीलधारी माणसं एकदा बसली की उठत नाहीत आणि बसल्याबसल्या दुसऱ्यांचं आयुष्य ठरवून टाकतात. हे मी पंचवीस वर्षं खालून ऐकत आलोय.

मला दुसरी बाजूही आहे, हे फक्त रुपाला सुचलं. हणमंतरावांची ही लेक आदिलाबादच्या कॉलेजात शिकायची आणि फुटबॉल खेळायची. एका दुपारी तिनं मला उताणा केला आणि खडूनं मैदान आखलं. मी ज्यांवर उभा राहतो त्या दोन आडव्या पट्ट्या म्हणजे दोन गोल. अकरा चिंचोके आपल्या देशाचा संघ, कापसाच्या अकरा सरक्या समोरचा. मागे चार, मध्ये तीन, पुढे तीन, आणि पट्टीपाशी गोलरक्षक.

देशाच्या मुलींचा सामना लागला की ती मोबाइल भिंतीला टेकवायची आणि माझ्यावर चिंचोके सरकवायची. कडेची बचावपटू वर धावली की तिची जागा कोण भरतं, चेंडू हरवला की आधी कोण मागे फिरतं. त्या गुदगुल्या मला अजून आठवतात.

मग राष्ट्रीय संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं.

"गोल कोन करते? तू?" हणमंतरावांनी विचारलं.

"नाही बाबा. मधल्या तिघींतली मी मागची."

ते वाकून पाहू लागले. "मधात तीन म्हंजे पेरायची तिफणच झाली की. पन मागं राह्यलेला फण म्हंजे मोडका फण. त्याच्यासाठी इतक्या दूर काऊन जातं वं?"

रुपा भांडली नाही, हे नवलच. तिनं तो मागचा चिंचोका उचलून मुठीत घेतला. "आता मले अडवा."

ती सरकी घेऊन निघाली. बाप घाईघाईनं चिंचोके सरकवत राहिला. तीनदा सरकी सरळ मधून जाऊन पट्टीला टेकली.

"थांब," हणमंतराव म्हणाले. "ठेव तो तिथं."

चौथ्यांदा सरकी त्याच चिंचोक्याला अडली. हणमंतराव उठले.

"बॅग भर. बसपर्यंत मी येतो."

जाताना रुपानं तो चिंचोका सोबत नेला.

या गोष्टीला तीन महिने झाले. परवा फोनवर बापानं विचारलं, "खेळली का?"

"नाही बाबा. इथं आता दुफण लावतात. मधात मागं दोघी, आन त्या दोघी जुन्या हायत. मी बाकावर."

तेव्हापासून हणमंतराव रोज संध्याकाळी मला उताणा करतात. मांडणी बदलतात, दुफण लावतात, मोडतात, पुन्हा तिफण लावतात. चिंचोके दहाच. मागची जागा रिकामी राहते.

"अकरावा ठेव ना, डबा भरून हायत घरात," त्यांची थोरली बहीण कुसुमबाई म्हणाली. "आन मले बसाले पाट दे."

"खाली बस, अक्का. पाटावर मैदान हाय."

उभ्या जन्मात मला एवढा मान कुणी दिला नव्हता. तरी जीव रमत नाही. खडू पुसट होतो, बाप पुन्हा आखतो. पण त्याच्या बोटांना रुपाची चपळाई नाही.

दूरच्या मैदानाकडेच्या बाका, तू लाकडाचा आहेस की प्लास्टिकचा, मला ठाऊक नाही. तू आणि मी बसण्यासाठीच घडलो आहोत. ती नाही. तिला तुझी सवय लागू देऊ नकोस. आणि तिचं नाव पुकारलं जाईल तेव्हा तिच्या मुठीत एक चिंचोका असेल. तो तेवढा सांभाळ, तिला जाऊ दे.