बाराच्या आतला घास

तीन आठवड्यांत सुयिंगने आईला अकरा खानावळी दाखवल्या, आणि अकराही ठिकाणी आईने समोरची वाटी डाव्या हाताने हळूच दूर सारली. रागाने नव्हे. पाहुण्याने आग्रह मोडताना सारावी तशी, मान किंचित लववून.

उजवा हात मार्चपासून निकामी होता. वाचाही तेव्हाच गेली. झटका आल्याचा फोन ताओयुआन शहरात गेला तेव्हा सुयिंग कारखान्यात होती. तीस वर्षांची नोकरी सोडून ती झोंगहेला आईच्या घरी आली, आणि डबे पुरवणाऱ्या एका खानावळीत सकाळी सहा ते दोन तळणीवर उभी राहू लागली. जुलैपर्यंत सारं बरं चाललं होतं. आई चमच्याने भात खायची, खिडकीत बसायची. मग एकाएकी तिने जेवणच टाकलं. सकाळी टेबलावर ठेवलेल्या सोयाच्या दुधातले दोन घोट जायचे. शेजारच्या आजी साडेबारा-एकला सूप घेऊन यायच्या, ते तसंच परत जायचं. रात्री तर नावच नको.

रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं. "गिळायला काही अडचण नाही, तपासलंय मी. पण वजन उतरतंय. अडतीसच्या खाली गेलं तर नाकातून नळी घालावी लागेल. अठ्ठावीस तारखेला या."

नळी म्हणजे काय हे सुयिंगला माहीत होतं. त्याच मजल्यावर तिने पाहिलं होतं. नाकाला चिकटपट्टी, आणि नळी उपसू नये म्हणून हातांत गादीसारखे मोजे घालून ते पलंगाच्या कठड्याला बांधलेले. आईचा एकच हात उरला होता. तोही बांधतील, या विचाराने तिची झोप उडाली.

म्हणून हे फिरणं. झोंगहेत खाण्याला तोटा नाही. बाजारामागे व्हिएतनामी बायकांच्या नूडल्सच्या टपऱ्या, योंगहेच्या बाजूला कोरियन लोकांची गल्ली, शिवाय तैवानी कांजी, हाक्का खिमट, थाई भात. आईला बस फुकट होती, आणि एका वाटीत दोघींचं भागायचं. आईच्या जिभेला काहीतरी एक ओळखीचं लागेल आणि ती तोंड उघडेल, एवढीच सुयिंगची आशा. कामावरून आली की ती आईचं तोंड धुवून तिला चाकांच्या खुर्चीत बसवायची आणि तीनच्या सुमारास निघायची. कधी नुसतं उद्यानात, तळ्यातली कासवं बघायला. कधी डोंगरावरच्या भूमिदेवाला बसने. येताना एखादी खानावळ.

"खारट झालं का, आई? तिखट आहे का? दुसरं मागवू?"

आई मान हलवायची. खारट नाही. तिखट नाही. दुसरं नको.

एकच गल्ली सुयिंगने टाळली होती, ती ह्वाशिन गल्ली. तिथे सगळी ब्रह्मदेशातून आलेली माणसं. आई त्यांच्यातलीच, चाळीस वर्षं तिथे वावरलेली, प्रत्येक दुकानात तिला हाक मारणारं कुणीतरी. वाकड्या झालेल्या तोंडाने आईला त्यांच्यापुढे नेणं सुयिंगच्या जिवावर यायचं. शिवाय ती स्वतः तिथे परकीच. वडील युन्नानचे चिनी, त्यांच्या देवांत, त्यांच्या भाषेत ती वाढली. आईचा बुद्ध आणि आईचे लोक एका कोपऱ्यात राहिले. पण अठ्ठावीस तारीख दहा दिवसांवर आली, तेव्हा टाळण्यासारखं काही उरलं नाही.

त्या सोमवारी तीन वाजता तिने खुर्ची आईच्या ओळखीच्या न्वे मावशीच्या खाण्याच्या दुकानासमोर थांबवली. बाहेर कमानीखाली म्हातारे चहा पीत बसले होते.

"अरे, थान ताई!" त्यांतला ऊ फो ह्तू उठून उभाच राहिला. मग सुयिंगकडे वळला. "आणि तू ताओयुआनची पाहुणी ना? पाच महिने झाले म्हणे येऊन. रस्ता सापडत नव्हता, की आमच्या चहाला वास येतो?"

"कामं असतात, काका."

"असतात हो. आम्हालाच नाहीत. म्हणून तर एकेक कप तीन-तीन तास पुरवतो."

"तुमच्यासारखी चार गिऱ्हाइकं असली की दुकान बुडालंच समजा," आतून न्वे मावशीचा आवाज आला. हात पुसत ती बाहेर आली, आणि आईला पाहताच सरळ खुर्चीपाशी गेली. ती खाली बसली. आईचा निकामी हात दोन्ही हातांत घेऊन नुसती बसून राहिली. हळहळली नाही, रडली नाही. सुयिंगला उगाच वाटलं, इतके दिवस आपण कशाला भ्यालो?

"मावशी, आई काही खात नाही हो. मोहिंगा आहे का? तिच्या हातची तीच एक गोष्ट मला आठवते."

"मोहिंगा सकाळीच संपतो गं. थांब, तळाचा असेल थोडा." मावशी आत गेली आणि माशाच्या दाट कालवणात भिजलेल्या शेवयांची वाटी घेऊन आली. वर लिंबू पिळलेलं, कोथिंबीर. आईचे डोळे वाटीवर खिळले. नाकपुड्या हलल्या. सुयिंगने चमचा भरला.

आईने डाव्या हाताने वाटी दूर सारली.

"बघा," सुयिंग म्हणाली. "अकरा ठिकाणी हेच झालं."

न्वे मावशी सुयिंगकडे बघतच राहिली. "अगं, तीन वाजून गेले. ती कशी खाईल?"

"म्हणजे?"

"वर्षावास बसलाय ना! आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने. तुझी आई दर वर्षी अष्टशील धरते. बारा वाजले की अन्न बंद, ते दुसऱ्या दिवसापर्यंत. अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. तुला नाही?"

सुयिंगला नव्हतं ठाऊक. ती यायची नववर्षाला आणि कबरी झाडायच्या सणाला. या महिन्यांत ती कधी घरी आलीच नव्हती.

मावशी आईकडे वळली. "थान ताई, यंदाही धरलंत ना?"

आईचा डावा हात उचलला गेला आणि छातीशी येऊन थांबला, अर्ध्या नमस्कारासारखा. डोळ्यांतून पाणी गालावर आलं, वाकड्या बाजूने जरा जास्तच. पाच महिन्यांत कुणीतरी पहिल्यांदा तिला नीट प्रश्न विचारला होता.

"पण मग सकाळी?" सुयिंग म्हणाली. "सकाळी मी ठेवून जाते ना. दूध, वाफवलेला पाव. तेही ती खात नाही."

"बुद्धाला कोण ठेवतं?"

"काय?"

"पहिला भात, गं. एरवी राहिला तर राहिला, पण वर्षावासात चुलीवरून उतरलेला पहिला घास आधी बुद्धापुढे, मग माणसांनी. ते कोण करतं?"

आईचा बुद्ध पूर्वी बुटक्या कपाटावर असायचा, आईच्या छातीएवढ्या उंचीवर. भाड्याचा पलंग आला तेव्हा तिथे जागा पाहिजे होती. तिने मूर्ती उचलून मोठ्या कपाटाच्या माथ्यावर ठेवली, थेट छताखाली. जितकं उंच तितका मान, असं तिला वाटलं होतं. अगरबत्तीसुद्धा स्टुलावर चढून तीच लावायची. आईला मात्र तिथे पोचता येत नव्हतं. खाली टेबलावर पाव गार होत राहायचा आणि आई वर बघत बसायची.

"सोपं आहे," ऊ फो ह्तू म्हणाला. त्याच्या आवाजातली थट्टा आता गेली होती. "आजाऱ्याला सूट असते. विहारातून भन्तेंना बोलाव. ते शील सोडवतील, मग खुशाल चार वेळा भरव. पाप लागत नाही."

सुयिंगने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. एकदाच, पण ठाम नकाराची. झटक्यानंतर तिला उठवलं, बसवलं, धुतलं, फिरवलं ते सगळं दुसऱ्यांनी. हे एक तिने स्वतः धरलं होतं, आणि कुणाला सांगता येत नसतानाही धरूनच ठेवलं होतं.

"नको, काका," सुयिंग म्हणाली. "राहू दे तिचं."

दुसऱ्या दिवशी तिने मालकाला सांगितलं, मला सकाळची तळणी नको, संध्याकाळची भांडी द्या.

"तळणीवरून भांड्यांत?" मालक हसला. "लोक उलटं मागतात. डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आहे."

"पुन्हा मागशील तर तळणी मिळायची नाही हं."

"नको मिळू दे."

मोठ्या कपाटावरून बुद्ध खाली आला आणि खिडकीजवळच्या तिपाईवर, आईच्या हाताशी बसला. सुयिंगने आईपुढे मान लववली. पहाटे साडेपाचला तिने भात लावला. लहान वाटीत पहिला भात काढून आईच्या डाव्या हातात दिला. चार शितं सांडली. वाटी बुद्धापुढे टेकली तेव्हा आईच्या घशातून एक आवाज निघाला. तो मंत्र होता की नुसता श्वास, सुयिंगला कळलं नाही. मग आईने तोंड उघडलं.

तेव्हापासून फिरणं सकाळचं झालं. त्याच गल्ल्या, पण वेगळ्या वेळेच्या. दुकानांच्या फळ्या अर्ध्या उघडलेल्या, पाण्याने धुतलेले रस्ते, रश्श्यांची भांडी नुकती आधणाला लागलेली. न्वे मावशीकडे आईने ताजा मोहिंगा अर्धी वाटी खाल्ला. व्हिएतनामी बाईकडे चार चमचे रस्सा. कोरियन गल्ली दुपारपर्यंत उघडतच नव्हती. दुपारनंतर मावशी गाळलेला उसाचा रस पाठवायची, तो व्रतात चालतो म्हणून. आई खात होती, पण चमत्कार काही झाला नाही. महिनाभर उपाशी राहिलेलं म्हातारं पोट एकदम किती घेणार?

अठ्ठावीस तारखेला नऊची वेळ दिली होती. नंबर लागला अकरा वाजून पाच मिनिटांनी.

आईला खुर्चीसकट वजनकाट्यावर चढवलं, खुर्चीचं वजन वजा केलं. अडतीस किलो दोनशे ग्रॅम.

"मागच्या वेळेपेक्षाही तीनशेनं कमी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"दहा दिवसांपूर्वी सदतीस नऊशे होतं. औषधाच्या दुकानातल्या काट्यावर मी करून बघितलं होतं. आता चढतंय."

सुयिंगने सगळं सांगितलं. भात, बुद्ध, बारा वाजता थांबणं. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. पेन खाली ठेवलं.

"माझी आजीसुद्धा प्रतिपदा-पौर्णिमेला शाकाहार पाळायची. पण हे रोजचं आहे, तेही अशा प्रकृतीत. ऑक्टोबरपर्यंत?"

"हो."

"तुम्ही सोडायला सांगितलं तर सोडतील त्या?"

"सोडेल. मी रडून मागितलं तर सोडेल. म्हणूनच मागणार नाही."

डॉक्टरीणबाईंनी नळीच्या परवानगीचा कागद फाईलमध्ये परत सरकवला. "तीन आठवडे देते. दर सोमवारी वजन कळवा. एकदा जरी अडतीसच्या खाली दिसलं तरी मी थांबणार नाही. तेव्हा माझ्याशी वाद घालायचा नाही."

"नाही घालणार."

बाहेर आल्या तेव्हा अकरा छत्तीस झाले होते. आईने पहाटे साडेसहाला खाल्लं होतं. दुसरं जेवण अकराला ठरलेलं, ते राहिलं. घरी पोचायला अर्धा तास. सुयिंग खुर्ची ढकलत जवळजवळ धावू लागली. कांजीचं दुकान बंद. पुढच्या दुकानात नुसते तळलेले पदार्थ, आईला ते गिळवत नाहीत. कोपऱ्यावर एका इंडोनेशियन बाईचं जेवणघर होतं. दारात डब्यांसाठी सात-आठ जण रांगेत उभे.

"बाई, मऊ भात आणि जरा रस्सा. आत्ताच्या आत्ता."

"रांग आहे, दीदी," डोक्यावर रुमाल घट्ट बांधलेली ती बाई म्हणाली.

"बाराच्या आत खायला हवं हिला. बारानंतर उपास आहे."

बाईने आईकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा सेहेचाळीस. "आमच्याकडे रमजानात पहाटे असंच पळतात," ती म्हणाली, आणि रांगेला दटावलं, "थांबा रे, म्हातारं माणूस आहे." तिने वाफाळता भात रश्श्यात कालवून, उकडलेलं अंडं कुस्करून दिला.

आईने पहिला चमचा वाटीच्या झाकणात बाजूला काढायला लावला. डोळे मिटले. मग खाऊ लागली. लहान चमचा, चावणं, गिळणं, मग पुढचा. घाई करायची नाही, ठसका लागेल, हे डॉक्टरांनी बजावलेलं. सुयिंग घास मोजायचे नाहीत म्हणत होती आणि मोजत होती. अकरा. बारा. आईला आवडलं होतं. ती प्रत्येक घासानंतर आपणहून तोंड उघडत होती, असं पाच महिन्यांत झालं नव्हतं. सतरा.

कोपऱ्यातल्या दूरदर्शनवर बाराच्या बातम्यांचं संगीत वाजलं.

आईने ओठ मिटले. भरलेला चमचा तिच्यासमोर होता, सुयिंगच्या हातात. वाटीत निम्मा भात होता. अजून पाच चमचे, सोमवारचा काटा, घड्याळं तर दोन मिनिटं पुढेमागे असतातच. हे सारं सुयिंगच्या ओठांपर्यंत आलं. आई तिच्याकडे बघत होती. नको म्हणत नव्हती, विनवतही नव्हती. काय करतेस ते बघत होती.

सुयिंगने चमचा वाटीत ठेवला, वाटी स्वतःकडे ओढली आणि उरलेला भात स्वतः खाऊ लागली. आईने पापण्या खाली केल्या आणि डावा हात सुयिंगच्या मनगटावर ठेवला.

"आजीला आवडलं नाही का?" पुढचा डबा भरता भरता बाईने विचारलं.

"आवडलं," सुयिंग तोंडातला घास गिळून म्हणाली. "उद्या किती वाजता उघडता?"