जिन्याखालचं झेरॉक्स मशीन

मित्रांनो, भंगाराच्या शेडमध्ये फाटक्या ताडपत्रीखाली एक जुनं झेरॉक्स मशीन पडलंय ना, ते मीच. काच अजून शाबूत आहे. बाकी फारसं काही जाणवत नाही.

माझी उमेदीची वर्षं एका विमा कचेरीत गेली. नवं मशीन आलं आणि मला मोडीत काढलं. एका मेकॅनिकने ड्रम बदलून मला पुन्हा उभं केलं, आणि शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या एका ताईंनी मला विकत घ्यायचं ठरवलं.

त्यासाठी कर्ज हवं होतं आणि ताईंकडे तारण ठेवायला काहीच नव्हतं. पण एक कंपनी गल्लीतल्या बायकांचा गट करून कर्ज द्यायची. एकीचा हप्ता थकला तर बाकीच्यांनी भरायचा, हेच तारण. ताईंची धाकटी जाऊ सगळ्यांआधी पुढे झाली. "ताईंची हमी माझी," म्हणाली.

जिन्याखाली आमचं दुकान लागलं. समोरच सरकारी कचेरी, त्यामुळे दाखले, भाडेकरार, दवाखान्याचे कागद दिवसभर माझ्या काचेवरून सरकायचे. दुपारी जाऊ डबा घेऊन यायची. दोघी माझ्या झाकणावर डबा उघडून जेवायच्या आणि घरच्या पुरुषांची यथेच्छ टिंगल करायच्या. तेव्हा मला बरं वाटायचं, असं आठवतं.

एकदा कंपनीचे साहेब परदेशी गुंतवणूकदारांना घेऊन आले. त्यांनी माझ्यावर हात ठेवून फोटो काढले. साहेब म्हणाले, "पाहुणे म्हणतात, तुमच्यासारख्या बायका पैसे बुडवत नाहीत. इथे पैसा लावला की तुमचंही भलं, त्यांचंही भलं."

"मग व्याज कमी होणार का?" जाऊने विचारलं.

सगळे हसले. उत्तर तेवढं राहून गेलं.

पैसा मात्र खरंच आला. कर्ज घ्या, कर्ज घ्या म्हणत कंपनीची माणसं दारोदार फिरू लागली. ताईंनीच हुरूप दिला म्हणून जाऊनेही मशीन घेतलं. पलीकडच्या गल्लीत आणखी चौघींनी घेतलं. गिऱ्हाईक होतं तेवढंच राहिलं. भाव पडले आणि जाऊचे हप्ते थकले.

गटातल्या बायका ताईंकडे जमल्या. त्याही मेटाकुटीला आल्या होत्या.

"उद्या तिच्या दारात जाऊन बसू. लाजेखातर तरी देईल."

"ती माझी जाऊ आहे."

"म्हणूनच तुम्ही पुढे बसा."

सकाळी ताईंनी भंगारवाल्याला बोलावलं. माझी काच पुसली, वायर गुंडाळली. रडल्या नाहीत. मलाही काही वाटलं नाही.

जाऊ धावत आली. "मला विचारलंत का नाही?"

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. याचे पैसे तुझ्या थकलेल्या हप्त्यांत भर. तुझं मशीन नवं आहे, ते राहू दे. उद्यापासून मीच तुझ्याकडे येऊन बसते."

मला चढवलेल्या टेम्पोची कड जाऊने घट्ट धरली होती. ताईंनी तिची बोटं एकेक करून सोडवली.

थकलेले हप्ते भरले गेले, दोघी एकाच दुकानात बसतात, असं भंगारवाला परवा कुणाला तरी सांगत होता. ऐकून मला आनंद व्हायला हवा होता.

मित्रांनो, मोठे झाल्यावर तुम्हीही कुठे कुठे पैसे लावाल. जरूर लावा. पण ज्या दारात लावाल, तिथे नंतर एकदा परत जा. हसणाऱ्यांबरोबर उभे राहू नका. बाईने काय विचारलं, ते नीट ऐका आणि तिला उत्तर द्या.