चिलरची विश्रांती

नाशिकला समुद्र नाही, पण तिथल्या एका कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात प्रवाळ होतं. रोहिणीने परवानग्यांपायी चपला झिजवून ते आणवलं होतं. एका टाकीत ते तापवलेल्या पाण्याचे हाल सोसायचं, दुसरीत गारव्यात मजेत राहायचं. उष्णतेने प्रवाळाच्या अंगात कोणती रसायनं उसळतात हे मोजायचं, तर तुलनेला सुखी प्रवाळ हवंच. रोहिणीची पीएचडी त्या सुखी टाकीवर उभी होती, टाकी पाणी गार ठेवणाऱ्या चिलर यंत्रावर, आणि मुदत डिसेंबरात संपत होती.

दसऱ्याला ती घोटीला घरी गेली. जाताना आपल्या गाईडना, चिंतामण सरांना, बजावून गेली, "सर, चिलर बंद पडू देऊ नका हं."

"अगं, मी आहे ना!" सर म्हणाले. तिथेच माशी शिंकली.

सरांची यंत्रांवर फार माया. विद्यार्थ्यांवर उधळायला मग उरणार किती? खंडेनवमीला त्यांनी विभागातल्या यंत्रांना हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या आणि पूजेच्या दिवशी हत्यार चालवू नये म्हणून सगळ्यांना विश्रांती दिली. चिलरलाही. टाकीतला पंप तेवढा वाचला, कारण बुडालेल्याला कुंकू लावता येईना. मग जोडून सुट्ट्या आल्या आणि सर घरी गेले. ऑक्टोबरच्या उकाड्याला मात्र सुट्टी नव्हती.

रोहिणी परतली तेव्हा सुखी टाकीतलं तपकिरी प्रवाळ पांढरंफटक पडलं होतं. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शेवाळ राहतं, उजेडातून साखर करून त्याला पोसतं. पाणी तापलं की त्याच शेवाळाचं बिनसतं, हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी जाळणारी रसायनं पाझरू लागतात, आणि प्रवाळ आपल्या अन्नदात्यालाच बाहेर काढतं. मग उपाशी राहतं.

तेवढ्यात सर आपट्याचं पान घेऊन आले. "घे, सोनं घे!" मग चिलरवर हात ठेवून म्हणाले, "बघ, कसा गार झालाय. वर्षभर तापतो बिचारा."

"सर, तुलनेची टाकी गेली."

"एवढंच ना? गेल्या वर्षीच्या चाचणीचे आकडे आहेत की. तेच थोडे इकडेतिकडे करून लाव. दिवाळीच्या आत प्रबंधावर सही देतो."

रोहिणीला असा संताप आला की वाटलं, चिलरवरची झेंडूची माळ सरांच्याच गळ्यात घालून त्यांचंही बटण बंद करावं. तिने एकदा पांढऱ्या प्रवाळाकडे पाहिलं.

"खोटे आकडे मी लावणार नाही, सर. मी गाईड बदलून मागते."

"अगं, मुदत संपेल! आणि शिष्यवृत्ती माझ्या सहीने येते, विसरलीस?"

"नाही विसरले," रोहिणी म्हणाली आणि विभागप्रमुखांच्या खोलीकडे निघाली.

सरांना खरंच वाईट वाटलं. "सणासुदीला," ते चिलरला म्हणाले, "कुणी असं बोलतं का?"