तोंडपाठ जर्मन

मित्रांनो, मी जर्मन शिकवणारं एक जुनं पुस्तक आहे, आणि खरं सांगायचं तर आता पार थकलो आहे. लोक मला हौसेनं घेतात, विभक्तीच्या तक्त्यांशी थोडे दिवस झटतात आणि रद्दीत देतात. नव्याचे नऊ दिवस मी कितीदा तरी भोगले.

शेवटी रविवारच्या पुस्तकबाजारातून शामरावांनी मला दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या त्यांच्या सरकारी घरात आणलं. त्यांची मुलगी मैत्री नर्स होती. जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमात तिला नोकरी मिळण्यासारखी होती, पण व्हिडिओवर मुलाखत द्यायची होती आणि तीही जर्मनमध्ये. शामराव यवतमाळहून दिल्लीला आले ते परीक्षा देऊन, आणि पुढची प्रत्येक बढतीही त्यांनी खात्याच्या परीक्षेतूनच मिळवली. त्यामुळे कुठलीही विद्या घोकूनच येते, अशी त्यांची श्रद्धा. त्यांनी मला खाकी कव्हर घातलं, तांबड्या पेन्सिलीनं रेघा मारल्या. बऱ्याच वर्षांनी कुणी माझी निगा राखत होतं, म्हणून मी सुखावलो.

"पाया पक्का पाहिजे. आधी तक्ते, मग बोलणं," ते म्हणायचे. ड्यूटीवरून दमून आलेली मैत्री चहा पिता पिता तक्ते म्हणून दाखवायची. एकही चुकत नसे.

मुलाखतीत समोरच्या बाईंनी साधंच विचारलं, एखादे आजोबा जेवायला तयार नसतील तर त्यांना काय म्हणाल? मैत्रीला प्रश्न कळला, पण तोंडातून शब्द फुटेना. मी शेजारीच टेबलावर होतो. माझं सगळं व्याकरण तिच्या डोक्यात होतं आणि त्याचा तिला काडीचा उपयोग नव्हता. मला फार वाईट वाटलं. बाई भल्या होत्या, त्यांनी महिन्याभरानं पुन्हा बोलावलं. मात्र ही संधी शेवटची होती.

"चलो, पहिल्यापासून रिव्हिजन करू," शामराव म्हणाले.

"नको बाबा. तुम्ही दिवाणावर आडवे व्हा."

"कशाला?"

"तुम्ही पेशंट. वॉर्डात मी दिवसभर जे बोलते ना, तेवढंच आधी शिकणार. बाकीचं नंतर."

शामराव कुरकुरत आडवे झाले. मैत्री मला चाळून हवी ती वाक्यं शोधायची. दुखतंय का? थोडं पाणी घ्या. घाबरू नका, मी इथेच आहे. शामराव तोंड फिरवून "नहीं खाना" म्हणायचे आणि ती जर्मनमध्ये त्यांची समजूत काढायची. व्याकरणात चुका होत होत्या, पण तोंड सुटलं होतं. दुसऱ्या मुलाखतीत ती अडखळत, थांबत, पण बोलली. तिला नोकरी मिळाली.

निघताना बॅगेचं वजन जास्त भरलं म्हणून मला बाहेर काढलं. मला सवय झाली आहे.

मग एका रविवारी मैत्रीचा फोन लागेना. दुपारपर्यंत वाट पाहून शामरावांनी वृद्धाश्रमाचा नंबर फिरवला. पलीकडे कुणी बाई जर्मनमध्ये बोलू लागल्या. तक्ते ऐकून ऐकून शामरावांनाही पाठ झाले होते. पण त्यांतलं काहीच उपयोगी पडेना, म्हणून त्यांनी फोन ठेवला. मग त्यांनी मला उघडलं. 'माझी मुलगी' एका पानावर सापडलं, 'बरी आहे का' दुसऱ्यावर. दोन्हीकडे बोटं ठेवून ते तेवढंच पुटपुटत राहिले आणि त्यांनी पुन्हा फोन लावला. शेवटी मैत्रीचं नाव जोडून त्यांनी विचारलं. बाईंचं उत्तर त्यांना कळलं नाही. जरा वेळानं पलीकडून आवाज आला, "बाबा, माझा मोबाइल बिघडलाय. तुम्ही जेवलात का?"

शामराव माझ्यावर डोकं ठेवून रडले.

मित्रांनो, मला जपा, रद्दीत देऊ नका. पण नवी भाषा शिकायला बसाल तेव्हा आपल्याला कुणाला काय विचारायचं आहे, ते आधी मनाशी ठरवा. तेवढं माझ्यातून पहिल्यांदा शोधून घ्या. तक्ते थांबतील. फोनच्या पलीकडचं माणूस फार वेळ थांबत नाही.