पुडीवरचा हसरा मासा

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे आणि मला स्वस्थ बसवत नाही. टाचण्यांच्या डबीशेजारी, वाळलेल्या शाईच्या गादीवर पालथा पडून मी सारखा चुळबुळत असतो. मला उलटा करून पाहिलेत तर एक पान दिसेल आणि पानाखाली एक ओबडधोबड खड्डा. मला तो खड्डा चैन पडू देत नाही.

ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या एका अरुंद दुकानात १९९२ साली माझा जन्म झाला. उत्तम नावाच्या कारागिराने तापल्या साच्यात माझे रबर दाबले, लाकडी मुठीला चिकटवले आणि कागदावर ठसा मारून पाहिला. वर हिरवेगार पान, खाली हसरा मासा. "एकदम मस्त उठलाय!" तो म्हणाला. जन्मल्या जन्मल्या एवढे कौतुक झाल्यावर कुणाचे डोके ठिकाणावर राहील? माझे तर मुळीच राहिले नाही.

मला करून घेतले होते वर्तकनगरच्या गोदूबाईंनी. त्या विज्ञानाच्या निवृत्त शिक्षिका. वसाहतीतल्या बायकांना जमवून त्या धुण्याची पावडर बनवत. त्यात रिठा, शिकेकाई आणि थोडा सोडा असे. पर्यावरणाला जपणाऱ्या मालासाठी सरकारने नुकतीच मडक्याची खूण काढली होती. ते वाचल्यापासून बाईंना वाटत होते, आपल्याही पुडीवर काही खूण हवी. "झाडाची फळं ही, यात कसलं आलंय विष?" असे म्हणून त्यांनी शिक्क्यात पानाबरोबर मासाही कोरवून घेतला. त्यांच्या मनात लबाडी नव्हती, हे मी छातीठोकपणे सांगतो.

मग मला उसंत कसली! गादीवरून पुडीवर, पुडीवरून गादीवर, दुपारभर नुसत्या उड्या. आधी पडून राहणाऱ्या पुड्या आता कल्याणच्या दुकानांतही हातोहात खपू लागल्या. पुडीच्या मागे काय काय घातले आहे ते बारीक अक्षरांत लिहिलेले असे, पण पुडी उलटतो कोण? मासा बघायचा आणि पिशवीत टाकायची. मी फुशारलो होतो, मित्रांनो.

चंद्रभागा कोळीण वर्तकनगरात दारोदार मासळी विकायला यायची. तिला अक्षर येत नव्हते, पण मला तिने एका नजरेत वाचले. "मासा काढलाय म्हनजे माशाला चालतंय," ती म्हणाली आणि दोन पुड्या घेऊन गेली.

तिच्या घरामागे एक लहानसे तळे होते. तिचा नवरा नाथा आषाढात खाडीतून जिताड्याची बोटभर पिल्ले बारीक जाळ्याने धरून आणी आणि तळ्यात वाढवी. ती मोठी झाली की त्यांच्यावर घर चाले. म्हणून चंद्रभागा साबणाचे धुणे कधी तळ्यापाशी करत नसे, लांब नळावर नेई. त्या दिवशी मात्र माझ्या भरवशावर ती तळ्याच्या काठीच धुवायला बसली. फेसाचे पाणी ओघळून तळ्यात गेले.

दुसऱ्या सकाळी ती बादली घेऊन गोदूबाईंच्या दारात उभी राहिली. बादलीत जिताड्याची पिल्ले होती. सगळी पोट वर करून.

"बाय, तुज्या कागदावरचा मासा हसतंय. माजं बग!" तिने बादली बाईंपुढे सरकवली. "सासऱ्यानं पुडी नुसती हुंगली नि बोलला, ह्यो तर रिठा. त्याच्या लहानपनी डबक्यात रिठा घालून मासं धरायचं. त्या अडानी म्हाताऱ्याला ठावं हाय, नि तू यवढी शिकलेली!"

गोदूबाईंनी वाकून बादलीत पाहिले. "मला नव्हतं गं माहीत," त्या कशाबशा म्हणाल्या. "आणि विचारलंही नाही कुणाला." त्यांनी भरपाईचे काढले, तर चंद्रभागेने मान हलवली. "आदी ह्यो मासा पूस."

पावडर बनवणाऱ्या बायकांतली मालन घाईघाईने पुढे झाली. "बाई, माशावरच तर खप आहे! उरलेल्या पुड्या जाऊ द्या, मग बघू." मीही आतून तेच ओरडत होतो. मला माझा मासा हवा होता.

बाईंनी ब्लेड घेतले. रबराचे तुकडे जमिनीवर पडले. मग त्यांनी सगळ्या पुड्यांवरचा मासा शाईने खोडला आणि मागे स्वतःच्या हाताने एकेक ओळ लिहिली. खप बसला तो बसलाच. वर्षभरात मी खणात गेलो.

म्हणून सांगतो मित्रांनो, माझ्यासारखी चित्रे दिसली की जरा थांबा. पुडी उलटा, आत काय आहे ते विचारा, आणि ज्यांच्या पाण्यात ते जाणार आहे त्यांनाही विचारा. चित्राला स्वतःला काही कळत नाही. मला तरी कुठे कळत होते?

मासा खोडल्यावर महिन्याभराने चंद्रभागा पुन्हा दारात आली, तेव्हा मी अजून टेबलावरच होतो. तिने टोपली उतरवली, एक पुडी उचलली आणि पालथी करून बाईंपुढे धरली.

"वाच. सगळा वाच."

गोदूबाईंनी चष्मा लावला आणि वर्गात वाचावे तसे मोठ्याने वाचले, "रिठा, शिकेकाई, सोडा. धुण्याचे पाणी तळ्यात, विहिरीत, खाडीत सोडू नये. मासे मरतात."

"आता दे," चंद्रभागा म्हणाली.