माझ्या डाव्या पायाखालचा कागद

मी खुर्ची बोलतेय, आणि गोड बोलणार नाही. गोड बोलायला आमची मॅडम आहे.

मी कोणत्या झाडाची, तिथे पाखरं किती होती, असलं सांगून तुम्हाला रडवायचंही नाही. सुताराने मला घाईत ठोकलं, डावा पाय अर्ध्या पेराने आखूड कापला आणि "चालतंय" म्हणून वर रंग फासला. तेव्हापासून त्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालून मी उभी आहे.

मला आणलं ते तान्ह्या मुलांच्या अभ्यासाच्या खोलीत. बोलता न येणाऱ्या लेकरांना शब्द कधी कळायला लागतात, ते इथे तपासतात. आई माझ्यावर बसते, मूल तिच्या मांडीवर. समोरच्या पडद्यावर दोन चित्रं, एक डावीकडे, एक उजवीकडे. आवाज येतो, "चेंडू कुठे आहे?" मूल कुठे बघतं ते मॅडम शेजारच्या खोलीतून कॅमेऱ्यात बघते आणि लिहून ठेवते. आईने नजरेने इशारा करू नये म्हणून तिला काळा चष्मा. म्हणजे आई आंधळी, लेकरू मुकं आणि शहाणी तेवढी भिंतीपलीकडे. सहा वर्षांत शेकडो आया माझ्यावर बसल्या. मॅडम एकदाही नाही.

एका सोमवारी फरशी पुसताना पुठ्ठा केरात गेला. कोणाला पत्ता नाही. मी डावीकडे कलले. माझ्याबरोबर आई कलली, आईबरोबर मूल, आणि मुलाची नजर डावीकडच्या चित्रावर जाऊन बसली. त्या आठवड्यात सगळी मुलं बांधकामाशेजारच्या वस्तीतली. बारा मुलं, बाराही डावीकडे.

मॅडम तिच्या मदतनीस बाईला म्हणते कशी, "घरात कोणी बोलतच नसेल यांच्याशी. शब्द येणार कुठून?"

माझे खिळे तापले. पण खुर्चीचं ऐकतंय कोण!

बारावी होती भिंगरी. चौदा महिन्यांची, एका जागी टिकत नाही म्हणून घरात पडलेलं नाव. मॅडमने आधीच्या अकरा आयांसारखाच तिच्या आईच्याही हातात कागद दिला. "उजवीकडच्या चित्रांना प्रतिसाद नाही. डॉक्टरांना दाखवून घ्या."

आईचा चेहरा उतरला. दाराशी तिची थोरली बहीण थांबली होती, फरशा बसवायचं काम करणारी. तिला ती हळूच म्हणाली, "ताई, सासूबाई आधीच पोरीला मंद म्हणतात. हा कागद बघितला तर जन्मभर तेच ऐकवतील."

"मंद? चेंडू म्हटलं की खाटेखाली घुसून काढून आणते ती!" मावशी तरातरा आत आली. "कशावर बसवलंत पोरीला?" आणि धपकन माझ्यावर बसली. लगेच उठली. भिंगरीची दुधाची बाटली तिने माझ्यावर आडवी ठेवली. बाटली घरंगळत डावीकडून खाली पडली.

"अगं बाई! ही तर लंगडी!"

"एवढ्याने काही फरक पडत नाही हो," मॅडम म्हणाली.

"मग बसा की. पोरीला घ्या मांडीवर. आणि तो चष्मा पण चढवा."

सहा वर्षांत पहिल्यांदा मॅडम माझ्यावर टेकली. मदतनीस बाईने चित्रं लावली, चेंडू उजवीकडे आला. भिंगरीने डावीकडे बघितलं. मॅडमची मानसुद्धा डावीकडे झुकली होती.

"तुम्हालाही दाखवायचं का डॉक्टरांना?" मावशीने विचारलं.

मग तिने बहिणीच्या हातातला कागद ओढला, चार घड्या घातल्या आणि माझ्या पायाखाली सरकवला. मी सरळ झाले. पुन्हा आवाज आला, "चेंडू कुठे आहे?" भिंगरीने उजवीकडे बघितलं. नुसतं बघितलं नाही, बोट नाचवून मांडीवरून उतरायला निघाली. आईने तिला उचलून छातीशी असं धरलं, की पोर गुदमरून ओरडली.

"तो कागद फाईलला लागतो," मॅडम पुटपुटली.

"लागू दे. इथे निदान कामाला आला. आणि आमच्या वस्तीतल्या बाकीच्या अकरा पोरांना परत बोलवा. त्यांच्या आयांना काय काय ऐकवलंत, तेही परत घ्या."

बोलावलं. आठ आली. तीन आलीच नाहीत. त्यांच्या घरी त्या कागदांवरून काय काय बोललं गेलं, कोण जाणे.

मॅडमने वहीत लिहिलं, 'खुर्चीत दोष.' माझ्यात! माझा पाय पहिल्या दिवसापासून आखूड होता, मी कधी लपवला नाही. बघायला खाली वाकावं लागतं, एवढंच.

उद्या नवी खुर्ची येतेय आणि मी भंगारात चाललेय. माझी कीव करू नका, मला ती चालत नाही. फक्त नवी आली की आधी मॅडमला तिच्यावर बसवा, मग लेकरांना. आणि माझ्या पायाखालचा कागद काढू नका. तो माझ्याबरोबर भंगारातच जाऊ दे.